बेड दिले, आता नोंदवहीचा हिशेब मागा

२०२० ची रमजान ईद आठवत असेल. टाळेबंदी होती, मशिदी बंद होत्या, नवे कपडे कुणी शिवले नव्हते. त्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं जकातीचे आणि ईदच्या खर्चाचे पैसे बाजूला काढून ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. ती बातमी आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली आणि फिरायलाच हवी होती, कारण त्याच दोन महिन्यांत टीव्हीवाल्यांनी विषाणूला आपलं नाव देऊन टाकलं होतं.

मलाही अभिमान वाटला, आजही वाटतो. पण पाच-सहा वर्षं मनात असलेलं भांडण आज मांडतो, आणि ते आपल्याच लोकांशी आहे. आपण बेड देतो, रुग्णवाहिका देतो, ऑक्सिजनची यंत्रं देतो, रक्तदान करतो, जुम्म्यानंतर शुगर-बीपी तपासणीचं शिबिर लावतो. त्या शिबिरात दोनशे जणांची शुगर तपासली, तर दुसऱ्या दिवशी तो कागद कुठं असतो? तंबूवाल्याच्या टेम्पोत. पुढच्या वर्षी त्याच दोनशे जणांची शुगर पुन्हा पहिल्यापासून तपासतो आणि पुन्हा फोटो काढतो. दिलेल्या पैशाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. माणसांच्या आजाराचा हिशेब मात्र ना आपण ठेवतो, ना ज्यांनी ठेवायचा त्यांना मागतो.

माझा दिवसाचा धंदा काय आहे ते सांगतो, म्हणजे हा राग कुठून येतो ते कळेल. मी कोल्हापुरात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदी एका साच्यात बसवण्याचं सॉफ्टवेअर लिहितो. तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला कधी मधुमेह झाला, कोणती गोळी सुरू झाली, किडनीचा रिपोर्ट कधी बिघडला, हे पंधरा वर्षांचं मी एका ओळीत बघू शकतो. त्याचं नाव मला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते. संध्याकाळी घरी आलं की अम्मीची प्लास्टिकची पिशवी असते. तीन दवाखान्यांचे कागद, निम्म्यांवरची शाई उडालेली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, ‘शुगर कधीपासून आहे?’ तर अम्मीचं उत्तर ठरलेलं: ‘तुझ्या बहिणीचं लग्न झालं त्या साली.’

तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी ठरवलं की बाहेरून सुरुवात करू. तीन धर्मादाय दवाखान्यांच्या विश्वस्तांशी बोललो. तिन्ही आपल्याच समाजातले, एक कोल्हापुरात आणि दोन बाहेर. त्यांच्या ओपीडीच्या वह्या घेऊन एकत्र टाइप करायच्या, एवढंच. पहिल्या आठवड्यातच पाय अडकला. एका वहीत ‘शुगर’, दुसरीत ‘डीएम’, तिसरीत डॉक्टर असतील तर ‘टाइप टू’ आणि कंपाउंडर असेल तर ‘साखर’. एकाकडे उपाशीपोटीची शुगर, दुसऱ्याकडे जेवणानंतरची, आणि तिसऱ्याकडे नुसता आकडा, कशाचा ते नाही. तिन्ही वह्या खऱ्या, तिन्हींतली मेहनत खरी, पण तिन्हींची बेरीज होत नाही.

हाच आजार आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सगळ्या जगाला होता. त्यावर काय उपाय निघाला तो बघा. औषधांचे दुष्परिणाम लवकर पकडण्यासाठी अमेरिकेत ‘ओमॉप’ नावाचा प्रकल्प झाला होता. तो संपल्यावर त्यातल्या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास ‘ओडिसी’ नावाचं खुलं जाळं सुरू केलं. त्याचं मूळ अगदी साधं आहे. प्रत्येक रुग्णालयानं आपल्या नोंदी आपल्याकडेच ठेवायच्या, पण एकाच साच्यात. ‘शुगर’ म्हणा, ‘डीएम’ म्हणा, रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला ‘ई ११’ म्हणा किंवा ‘स्नोमेड’ शब्दकोशातला ४४०५४००६ म्हणा, टाइप टू मधुमेह असेल तर साच्यात एकच क्रमांक पडतो: २०१८२६. सोलमध्येही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच. मग प्रश्न विचारणारा आपला प्रोग्रॅम प्रत्येक रुग्णालयाकडे पाठवतो. तो तिथल्या तिथं चालतो आणि परत येतात फक्त बेरजा. रुग्णाची ओळ दाराबाहेर पडत नाही.

त्यातून काय मिळतं? रक्तदाब नुकताच निघालेल्या माणसाला पहिली गोळी कोणती द्यावी, हा प्रश्न घ्या. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या जाळ्याचा अभ्यास आला. नऊ ठिकाणचे नोंदसाठे, सुमारे ४९ लाख रुग्ण. डॉक्टर सर्वांत जास्त ज्या गटातली गोळी सुरू करत होते, त्यापेक्षा थायझाइड ही जुनी, स्वस्त लघवीची गोळी पहिली दिलेल्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी दिसले. स्वस्त गोळी! आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाला याहून कामाची बातमी कोणती? पण ते नऊ साठे अमेरिका, जपान, कोरिया आणि जर्मनीतले. भारताचा त्यात एकही नव्हता. आपल्या आहारावर, आपल्या उन्हात, आपल्या वजनाला ती गोळी तशीच लागू पडते का, हे विचारायला आपल्याकडे बेरीज होणारी वहीच नाही.

आमच्या तीन वह्यांची बैठक एका रात्री इशाच्या नमाजनंतर झाली. मी लॅपटॉपवर हे सगळं दाखवलं. शेवटी मागच्या रांगेतले एक चाचा उठले. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेला माणूस. म्हणाले, ‘बेटा, लिस्ट बनाते बोले तो ठीक, पन वो लिस्ट जाती किदर?’

बैठक तिथंच संपली. एक विश्वस्त वही परत घेऊन गेले.

चाचांना वेड्यात काढणारे माझे इंजिनिअर मित्र आहेत. मी त्यांच्यात नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपण सगळे रस्त्यावर होतो आणि त्या वेळी यादीत नाव असणं-नसणं हीच भीती होती. त्यानंतर लगेच एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकार परिषदेत तबलीगी जमातीशी जोडलेल्या रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जायचा. रुग्णसंख्येच्या आकड्याला आडनाव लावण्याचा तो प्रकार होता. त्यानंतर भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देणं सुरू झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. पण निकाल येईपर्यंत चार महिने गेले होते. पुढं लसीकरणाच्या रांगेत आधार दाखवणाऱ्या अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांना नीट न विचारताच तयार झाला. चाचांचा प्रश्न अडाणीपणातून आलेला नाही. माझ्या सादरीकरणात त्याचं उत्तर नव्हतं, हा दोष माझा होता.

तरीही चाचा चुकतात. का, ते सांगतो.

यादी आधीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं की तुमचं नाव, आजार आणि रक्कम सरकारच्या संगणकात जाते. खासगी प्रयोगशाळेत रक्त दिलं की रिपोर्ट त्यांच्या सर्व्हरवर राहतो. औषधाच्या ॲपवरून गोळ्या मागवल्या की कंपनीला तुमचा आजार कळतो. ‘आम्ही डेटा देत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा तो न दिलेला नसतो. देताना आपण खोलीत नसतो, एवढंच. आणि धर्माचा रकाना कोरा ठेवला म्हणजे आपण सुरक्षित, ही तर भाबडी समजूत आहे. मुजावर, तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, शेख. आपलं आडनाव हाच रकाना आहे. ज्याला वाईटच करायचं आहे त्याला तेवढं पुरतं. रकाना कोरा राहिल्यानं अडतं ते भलं करणाऱ्याचं.

मोजल्यामुळं काय होतं याचं एक उदाहरण तुम्ही सगळे वापरता, पण ते कुठून आलं हे विसरता. ‘त्यांची लोकसंख्या वाढतेय’ हे भाषण कुणी केलं की आपण उत्तर देतो: मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६ वर आला. हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आहे, जे मुंबईत देवनारला असलेली संस्था, आयआयपीएस, चालवते. पाच फेऱ्या, जवळजवळ तीस वर्षं. मुख्य प्रश्न तोच ठेवला, व्याख्या तीच ठेवली, धर्माचा रकाना ठेवला. दर वेळी वेगळ्या पद्धतीनं विचारलं असतं तर आज आपल्या हातात शपथेशिवाय काही नसतं. पण त्याच सर्वेक्षणाचं कोल्हापूर जिल्ह्याचं पत्रक उघडा. त्यात धर्मनिहाय काही नाही, कारण एका जिल्ह्यात तेवढी घरंच निवडलेली नसतात. देशाच्या पातळीवर आपण आकड्यात आहोत, पण आपल्या जिल्ह्यात नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये राष्ट्रीय माहिती पेढी सुचवली होती. आपण सच्चर अहवालातली गरिबीची वाक्यं पाठ केली. ही शिफारस कुणाला आठवत नाही.

कोल्हापुरात राहून हे सांगावं लागतं, याचंही मला नवल वाटतं. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम आपण दरवर्षी साजरा करतो: मागासलेल्या वर्गांना पन्नास टक्के जागा. त्यात मुसलमानही होते, कारण वगळलेल्यांची यादी छोटी होती आणि बाकी सगळे आत होते. पण त्याच हुकमात आणखी एक कलम आहे, ज्याचं पोस्टर कुणी छापत नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं या हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. नुसतं ‘जागा द्या’ म्हटलं तर देणार नाहीत, हे महाराजांना ठाऊक होतं. म्हणून एकाच नमुन्यातला तक्ता, प्रत्येक खात्याकडून, ठरलेल्या मुदतीत. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगसमोरून जाताना आपण १९०६ ची आठवण काढतो. तक्त्याचीही काढावी.

आता आपल्या भागाचं बघू. ‘देशाची आरोग्य व्यवस्था’ म्हणून कुठलीही गोष्ट दिल्लीत सुरू होते, पण माणूस आजारी पडतो तो भागात. आपला भाग राज्याच्या नकाशाप्रमाणं चालत नाही. निपाणी-चिकोडीचा रुग्ण कोल्हापूरला येतो, अथणीचा मिरजेला जातो, सावंतवाडीचा कधी गोव्यात तर कधी कोल्हापुरात, चंदगडचा बेळगावला. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून हे असंच आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सिंधुदुर्ग हे आरोग्याच्या दृष्टीनं एकच खोरं आहे. राजकारणाला हे कळतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू केली आणि त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. योजना सीमा ओलांडते, वादही ओलांडतो. पण रुग्णाचा केसपेपर बेळगावहून कोल्हापूरला येतो तो अजून प्लास्टिकच्या पिशवीतूनच.

आणि हे शक्य नाही असं कुणी म्हणू नये, कारण आपल्या आजूबाजूला ते झालेलं आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजकडून गेली पंधराहून जास्त वर्षं आसपासच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही चालते. प्रत्येक बाळंतपण, घरी झालेलं असो की दवाखान्यात, आणि त्यानंतरचे बेचाळीस दिवस. तोच नमुना नागपूर भागातल्या गावांत भरला जातो. आणि तोच सिंधमधल्या ठट्टा जिल्ह्यातही! ज्या दोन देशांत क्रिकेटचा सामना ठरवता येत नाही, त्यांच्या खेड्यांतलं बाळ एकाच व्याख्येनं मोजलं जातं. त्याच जाळ्यातून सहा देशांत पहिलटकरणींना कमी मात्रेची ॲस्पिरिन देऊन बघितली. सुमारे १२ हजार स्त्रिया. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी घटली. २०२० मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. रुपया-दोन रुपयांच्या गोळीची गोष्ट आहे ही, आणि तिच्यात आपल्या शेजारच्या तालुक्यांतल्या बायांच्या नोंदी आहेत.

सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी घ्या. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावं. खेड्यात कॅन्सरचा कागद आपोआप येत नाही, म्हणून माणसं गावोगाव फिरून विचारत होती. ती घडी बसली होती म्हणूनच पुढं उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी होऊ शकली आणि २००९ मध्ये जगाला कळलं की एचपीव्हीची एक तपासणीसुद्धा मृत्यू निम्म्यावर आणू शकते. २००१ चं ‘कोवळी पानगळ’ आठवा. महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत एकाच पद्धतीनं बालमृत्यू मोजले आणि सरकारी आकड्याला तोंडघशी पाडलं. तेव्हा संगणकाचं जाळं नव्हतं, ‘ओडिसी’ नव्हती. एकच व्याख्या आणि तेरा संस्थांचं एकमत, एवढ्यावर सरकारला समिती नेमावी लागली.

या उदाहरणांतली कुसळंही दाखवतो, नाहीतर चाचा मला पुन्हा बसवतील. बेळगावच्या नोंदवहीचा पैसा प्रामुख्यानं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेकडून येतो. ज्याचा पैसा, त्याचं प्रश्न ठरवण्यात वजन. उस्मानाबादच्या चाचणीत तुलनेसाठी ठेवलेल्या एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी केली नव्हती, यावर पुढं मोठी टीका झाली आणि ती रास्तच होती. खोलीत त्या बायांच्या वतीनं कोण बसलं होतं? हा प्रश्न आपला आहे. ‘डेटा देऊ नका’ म्हणून तो सुटत नाही.

कायद्याच्या भरवशावर राहू म्हणाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. २०१९ च्या विधेयकात आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी ठेवली होती. कायद्यात ती वर्गवारीच गेली. सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. संशोधन आणि सांख्यिकीसाठीही सूट आहे. म्हणजे भिंत आपल्यालाच बांधायची आहे, आणि ती बांधायची पद्धत या सामाईक साच्याच्या कामात बरीच तयार आहे. मी तीन-चार गोष्टींवर अडून बसेन. नोंदी त्या-त्या दवाखान्यातच राहतील, मध्यवर्ती गोदाम नाही. कुठल्याही बेरजेत दहापेक्षा कमी माणसं असतील तर तो आकडा बाहेर जाणार नाही, कारण एका गल्लीतले ‘तीन क्षयरुग्ण’ म्हणजे तीन घरंच. प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम उघडा असेल, कुणालाही वाचता येईल. आणि कोणता प्रश्न विचारू द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत डॉक्टर आणि विश्वस्तांइतकेच रुग्ण असतील, त्यात बायका असतील, आणि त्यांना नकार द्यायचा खरा अधिकार असेल.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. वक्फ हा शब्द हल्ली उच्चारला की भांडण लागतं, पण त्याचा मूळ अर्थ बघा: मालमत्ता विकायची नाही, हलवायची नाही, तिचा उपयोग तेवढा वाटायचा. नोंद दवाखान्यात, बेरीज सगळ्यांची. अमानत म्हणजे काय, हे ज्यांना लहानपणापासून शिकवलं जातं त्यांना डेटाच्या विश्वस्तपदावर कुणी परदेशी तज्ज्ञानं भाषण द्यायची गरज नाही.

मात्र साच्यालाही आपण डोळे झाकून हो म्हणायचं नाही. तो अमेरिकेत घडला, म्हणून त्यात माणसाच्या ओळीत ‘रेस’ आणि ‘एथ्निसिटी’ असे दोन रकाने आहेत. आपल्याकडे ते बहुधा रिकामेच राहतील. धर्म, जात, व्यवसाय यांचे रकाने त्या ओळीत नाहीत, वेगळ्या कोष्टकात घालावे लागतात. धर्माबद्दल माझं मत असं: रोजच्या केसपेपरवर तो नको. गरज पडेल तेव्हा वेगळं सर्वेक्षण करा, विचारून, सांगून. मुंबईच्या कर्करोग नोंदणीत १९६० च्या दशकापासून धर्माप्रमाणं अभ्यास झाले. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, मुस्लिम स्त्रियांत गर्भाशयमुखाचा हिंदू स्त्रियांपेक्षा कमी, हे त्यातूनच कळलं. पण तो काळ वेगळा होता आणि दवाखान्याच्या खिडकीवर रोज धर्म विचारणं मला आज परवडणारं वाटत नाही.

भांडायचं असेल तर व्यवसायाच्या रकान्यासाठी भांडा. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस खोकत येतो तेव्हा वहीत ‘खोकला’ लिहिलं जातं. ‘कापसाची धूळ, वीस वर्षं’ असं लिहिलं जात नाही. निपाणीच्या तंबाखूतली बाई, कागलच्या फौंड्रीतला पोरगा, सगळ्यांचं तेच. त्यात मोमीन आहेत, कोष्टी आहेत, बिहारहून आलेले आहेत. फुप्फुसं एकसारखीच खराब होतात. व्यवसाय नोंदला तर आपली भाषा ‘आमच्या समाजावर अन्याय’ इथून निघून ‘या धंद्यातल्या माणसांना हा आजार’ इथं येते, आणि त्या लढ्याला शेजारी सोबत येतो.

पाण्याचंही तेच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेचं दूषित पाणी, हिपॅटायटिस ई. अशा साथीत प्रत्येक डॉक्टर आपापल्या खोलीत रोज चार-पाच पिवळे डोळे बघतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडेच जरा जास्त येतायत. बेरीज करणारं कुणी नसतं, आणि असलं तरी तोवर पाणी प्यायलेलं असतं.

इथं ‘सरकारचं आभा कार्ड आहेच की’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच: चौदा आकड्यांचा आभा क्रमांक आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनची पद्धत ही एका रुग्णाचा कागद त्याच्या संमतीनं इकडून तिकडं नेण्यासाठी आहे. चांगली गोष्ट आहे, वापरा. पण ‘आपल्या चार जिल्ह्यांत यंत्रमाग कामगारांना दमा किती?’ हा प्रश्न तिच्यातून सुटत नाही. त्यासाठी हजार कागद एका भाषेत बोलावे लागतात, आणि ते काम दिल्ली आपल्यासाठी करणार नाही.

करायचं कुणी? दवाखाने स्वतःहून करणार नाहीत. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं डेटा बाहेर काढायचं बटणच दिलेलं नसतं, आणि विश्वस्तांना वाटतं रुग्णांची यादी म्हणजे आपली गिऱ्हाइकं. राहिलो आपण. दरवर्षी आपल्यातली शेकडो मुलं-मुली इंजिनिअर, फार्मसिस्ट, नर्स, लॅब टेक्निशियन होतात. आपल्यातले कितीतरी जण माझ्यासारखंच दिवसभर परक्या देशाच्या रुग्णांचा डेटा स्वच्छ करतात. ‘ओडिसी’ची सगळी साधनं फुकट आहेत, शिकवण्या फुकट आहेत. फेसबुकवर इब्न सिनाचं चित्र टाकून ‘वैद्यकशास्त्र आम्ही दिलं’ लिहिणं थांबवा. तो माणूस आजाऱ्याजवळ बसून टिपणं काढत होता. आपण निदान ओपीडीची वही तरी टाइप करू.

एक काम तर आपल्याशिवाय कुणी करूच शकणार नाही. ते आपल्या नावांचं. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना एकच बाई यास्मिन, यासमीन, जास्मीन, यास्मीनबी होते. आधारवर नवऱ्याचं नाव मधे, रेशनकार्डावर बापाचं, लॅबच्या रिपोर्टवर नुसतं ‘शेख वाय.’ मोहम्मद, महंमद, महमद, मोहद, नुसतं एम. डी. नोंदी जुळवणारा प्रोग्रॅम या बाईचे चार रुग्ण करतो आणि वेगवेगळ्या तीन मोहम्मद शेखांचा एक. पाटलांच्या बाबतीत असं होत नाही असं नाही, पण आपल्या बाबतीत फार होतं. आणि मग कुठं योजनेचा दावा अडकतो, कुठं दुसऱ्याचा रक्तगट आपल्या फाइलमध्ये येतो. कॅलिफोर्नियातला कुणीही अभियंता मुजावर आणि मुजावार एकच हे ओळखणार नाही. ते तुम्हाला-मला कळतं.

आमच्या तीन वह्यांपैकी एक परत गेली, हे सांगितलंच. दुसऱ्या दवाखान्याच्या विश्वस्तांनी दोन महिने मागितलेत, त्याला आता पाच महिने झाले. तिसऱ्यानं वही दिली. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं-तिघं ती टाइप करतो. अम्मीही मधे मधे बसते आणि अक्षर लागलं नाही की तिला विचारतो, कारण वहीतली निम्मी माणसं तिच्या ओळखीची आहेत. हेच थांबवायचं आहे, हेही मला कळतं. त्यामुळं मागच्या आठवड्यात आम्ही नावांची पानं वेगळी केली आणि त्यांची किल्ली त्या दवाखान्याच्या नर्सबाईंकडे दिली. माझ्याकडे आता फक्त क्रमांक आहेत. चाचांना निरोप पाठवलाय की समितीची पहिली बैठक पुढच्या रविवारी जोहरनंतर आहे, आणि एक खुर्ची त्यांची आहे. अजून उत्तर आलेलं नाही.